पाळणा लांबवून मिळेल

सुताराला सगळे गुण्यामामा म्हणत. गुण्या म्हणजे सुताराच्या हातातली काटकोन तपासायची पट्टी. लाकडाच्या कोपऱ्याला लावली की कोपरा खरा आहे की खोटा, ते ती तिथल्या तिथे सांगते. समोरच्याला वाईट वाटेल, जरा सांभाळून घ्यावं, असलं काही तिच्याजवळ नसतं. मामाचाही स्वभाव तसाच होता.

एकदा एका दुकानदारानं त्याच्याकडून कपाट करून घेतलं आणि मागच्या फळीत कुणाला कळणार नाही असा चोरकप्पा ठेवायला सांगितला. मामानं असा कप्पा केला की शोधणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. कपाट घरी पोचवलं तेव्हा दुकानदाराच्या बायकोनं सहज विचारलं, “मामा, बाहेरून एवढं मोठं दिसतं आणि आत जागा एवढीशीच कशी हो?” मामानं तिला, तिच्या आईला आणि डोकावायला आलेल्या शेजारणीला तो कप्पा उघडून दाखवला, वर बंद कसा करायचा तेही शिकवलं. त्यानंतर बरेच दिवस दुकानदार शेडसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. कपाटात काय बिघडलं असावं, हे कोडं मामाला कधी सुटलं नाही.

तशी त्याला बरीच कोडी सुटत नसत. लाकडातलं त्याला सगळं कळे, माणसांतलं फार थोडं. तरुणपणी तो लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. तिथल्या करवतीच्या आवाजानं डावा कान अधू झाला होता, त्यामुळे जे थोडं कळायचं तेही अर्धंच ऐकू येई. बाकीचं त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची मामी, समजून घेत असे आणि त्यातलं त्याला पचेल तेवढंच त्याच्या कानावर घालत असे.

पण गेली दोन-तीन वर्षं एक गोष्ट मामाला आतून कुरतडत होती. ती म्हणजे स्टुलांचे पाय.

त्यानं केलेल्या स्टुलांचे पाय निखळून येऊ लागले होते. बायका यायच्या, शेडच्या दाराशी स्टूल ठेवायच्या, “मामा, पाय निघालाय बघा,” म्हणायच्या आणि पाणी प्यायला म्हणून आत मामीकडे जायच्या. मामा स्टूल उलटं करून बघायचा. खाच नीट, लाकूड नीट, कुठे चीर नाही की कीड नाही, तरी पाय बाहेर. त्यानं सरस बदलला. लाकूडवाल्याशी भांडण केलं. मग एक जाड पायांचं स्टूल केलं, स्वतः त्यावर उभा राहून उड्या मारून पाहिल्या आणि मगच दिलं. महिन्याभरात त्याचाही पाय काखोटीला मारून बाई दारात हजर. आपला हात गेला, असं मामाच्या मनानं घेतलं. बापानं शिकवलेली विद्या अशी पायापायानं निघून चालली, हे काही तो कुणाला बोलला नाही. फक्त जेवताना अधूनमधून स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा.

मामी ते बघायची आणि ताटात आणखी थोडं वाढायची. तिला खरं कारण माहीत होतं.

कारण असं होतं. आरोग्य केंद्राची खोली भर चौकात होती. एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला चहाचं, आणि समोर बाकावर दिवसभर बसलेली मंडळी. ताप-खोकल्याला कुणीही जावं. पण दोन मुलांमध्ये अंतर ठेवायला गोळ्या किंवा इंजेक्शन हवं असलेली बाई त्या दारातून आत शिरली, की ती बाहेर येईपर्यंत तिच्या सासरी बातमी पोचलेली असे. खोलीतली औषधं कालबाह्य व्हायला आली तरी बायका काही येईनात. शेवटी नर्सबाईंनी मामीला गाठलं. सुताराच्या घरी कुणी का गेलं, असं कोण विचारणार? तेव्हापासून नर्सबाई दर गुरुवारी मागच्या दारानं मामीच्या मधल्या खोलीत येऊन बसत आणि बायका पुढच्या दारानं मोडकी स्टुलं घेऊन येत. स्टूल मोडत नसलं तर मोडून आणत.

हे मामाला सांगायचं नाही, असं मामीनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. चोरकप्प्याची गोष्ट ती विसरली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मंगळवारी पिठाच्या गिरणीवाल्याची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

ही गिरणीवाल्या घरातली धाकटी सून. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. पदरात दोन मुली आणि कडेवर पाच महिन्यांचा मुलगा. मुलाच्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला होता की तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. कशीबशी वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की तीन वर्षं तरी पुन्हा दिवस जाता कामा नयेत, गेले तर आम्हाला दोष देऊ नका. नवऱ्यानं ऐकलं आणि ‘बघू’ म्हणाला. सासूनं ऐकलं आणि म्हणाली, डॉक्टर घाबरवायचेच. नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्या धाकटीनं डाळीच्या डब्यात लपवल्या होत्या. सासूनं त्या शोधून चुलीत टाकल्या. आता इंजेक्शनच घ्यायला हवं होतं, कारण ते घरात सापडत नाही. आणि ते लवकर घ्यायला हवं होतं. नर्सबाईंनी विहिरीवर घाईघाईत तिच्या कानात सांगितलं, “सुताराकडे जा. मामींना म्हण, पाळणा लांबवायचाय. त्या बघतील सगळं.”

आणि नेमकी त्या मंगळवारी मामी बहिणीकडे गेली होती.

“मामी आहेत?” धाकटीनं विचारलं.

“नाहीत. बहिणीचा पाय मुरगळलाय, तिकडे गेल्यात. काय काम होतं?”

धाकटीनं मागे वळून रस्ता बघितला. परत यायला मिळेल की नाही, याचा भरवसा नव्हता. मामींना माहीत आहे म्हटल्यावर त्यांच्या नवऱ्यालाही माहीत असणारच, असा सरळ हिशेब तिनं केला आणि पुटपुटली.

“काय? ह्या बाजूनं बोला, तो कान गेलाय.”

“पाळणा लांबवायचाय,” ती जरा मोठ्यानं म्हणाली आणि लाल झाली.

मामानं रंधा खाली ठेवला. कधी नव्हे ते स्टूल सोडून काहीतरी काम आलं होतं.

“तुमच्या घरातला जुना ना? माझ्या वडिलांनी केलेला आहे तो. कितीनं लांबवायचा?”

“नर्सबाई म्हणाल्या, तीन वर्षं तरी.”

नर्सबाई लाकूडकामात कधीपासून लक्ष घालायला लागल्या, हे मामाला कळेना. पण तीन वर्षांचं मूल मावेल एवढा, असा त्यानं अर्थ लावला. “बराच वाढवावा लागेल मग. हरकत नाही. मधोमध कापू.”

“कापू?”

“तर! आडवं कापायचं, मध्ये तुकडा बसवायचा आणि ठोकून द्यायचं.”

धाकटीनं बाळाला घट्ट धरलं. “पण त्या म्हणाल्या, नुसतं सुईचं काम आहे.”

“सुईनं कुठं व्हायला? चांगले बोटभर खिळे लागतात.”

“न कापता नाही होणार?”

“न कापता लांबायला तो काय रबराचा आहे?” मामा स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसला. “घाबरताय काय एवढ्या? अर्ध्या दिवसाचं काम. तुम्ही थांबायचीसुद्धा गरज नाही, ठेवून गेलात तरी चालेल. मालकांना सांगा, ते आणून देतील.”

“त्यांना नका सांगू, मामा! पाया पडते तुमच्या.”

“अहो, तुम्हाला एकटीला थोडाच उचलणार आहे तो?”

एवढं ऐकायला धाकटी थांबलीच नाही. चपला हातात घेऊन ती गेली. मामा दारात येऊन बघत राहिला. गिऱ्हाइकाशी आपण इतकं गोड बरेच दिवसांत बोललो नव्हतो. मग हिला पळायला काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दळण घेऊन गिरणीवर गेला. चांगली रांग होती. पुढे न्हावी उभा होता. आपल्या कामाची आठवण करून द्यावी म्हणून मामानं, पट्ट्याच्या आवाजात ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं, गिरणीवाल्याला विचारलं, “काय हो, पाळणा कधी आणताय? तुमच्या घरातून सांगून गेल्यात, लांबवायचाय म्हणून. तीन वर्षांचं माप दिलंय.”

न्हावी असा हसला, की त्याला पिशवी खाली ठेवावी लागली. “पाळणा लांबवायचाय म्हणे! तीन वर्षांचं माप!” रांगेतले बाकीचेही हसायला लागले. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं, त्यामुळे त्याचा चेहरा कसा झाला ते मामाला दिसलं नाही. सगळे हसताहेत म्हणून तोही थोडा हसला आणि घरी आला.

मामी बहिणीकडून परतली होती. जेवताना मामा म्हणाला, “गिरणीवाल्याची धाकटी काल आली होती. पाळणा लांबवायचा म्हणाली आणि कापायचं ऐकून पळाली. आज मी त्याला गिरणीवर आठवण करून दिली.”

मामीच्या हातातली पळी आमटीच्या भांड्यात बुडाली.

“काय केलंत?”

“आठवण. का गं?”

“अहो, तुम्हाला पाळणा लांबवणं म्हणजे काय, एवढं कळत नाही? आरोग्य केंद्रावरची ती पाटी कुणी केलीय?”

“मी.”

“काय लिहिलंय तिच्यावर?”

मामानं आठवून पाहिलं. पाटीची फळी त्यानंच तासली होती, चारही कोपरे गुण्या लावून तपासले होते. अक्षरं रंगाऱ्यानं काढली होती. ती काही त्याच्या कामात येत नव्हती.

“‘पाळणा लांबवा, आईला जपा,’” मामीच म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. मधली खोली, गुरुवार, डाळीच्या डब्यातल्या गोळ्या, डॉक्टरांनी दिलेली ताकीद. मामा ऐकत होता. जेवण निवत होतं.

“म्हणजे स्टुलांचे पाय...”

“उपटून आणतात बिचाऱ्या.”

“सगळ्या?”

“एखादीचा खरंच मोडला असेल.”

आपला हात गेलेला नाही, या गोष्टीचा आनंद मानावा, की एवढी वर्षं बायकोनं आपल्याला अंधारात ठेवलं याचा राग मानावा, हे मामाला ठरवता येईना. “मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर?”

“तर तुम्ही गिरणीवर सांगितलं असतंत.”

“आता काय होईल तिचं?” त्यानं विचारलं.

“मला काय माहीत? तिला घराबाहेर सोडतील का, तेच बघायचं. आणि त्या पोरीला वाटत असेल, की सुताराकडे पोट कापून खिळे मारतात.”

गुरुवारी नर्सबाई मागच्या दारानं येऊन मधल्या खोलीत बसल्या. धाकटी आली नाही. आला तो गिरणीवाला, खांद्यावर पाळणा घेऊन. दळायच्या दगडांना टाकी लावून ते खडबडीत करायचे म्हणून दर गुरुवारी गिरणी बंद असे.

“घ्या, आणला,” त्यानं पाळणा शेडमध्ये टेकवला. “आता एक सांगा, मिस्त्री. ही म्हणते, मी असं काही बोललेच नाही. सुताराकडे गेलेच नाही. तुम्ही म्हणता, आली होती. तुम्ही खोटं बोलल्याचं तर कुणी कधी ऐकलेलं नाही. मग खोटं कोण बोलतंय?”

मामा विचारात पडला. ती आली होती म्हणावं, तर ती खोटी पडते. आली नव्हती म्हणावं, तर गिरणीवर आपण का बोललो? मला कमी ऐकू येतं म्हणून सांगावं, तर हा पाळणा उचलून घेऊन जाईल आणि तिला इथं यायला निमित्तच उरणार नाही. असा तिरका विचार त्यानं आजवर कधी केला नव्हता.

“मीच,” तो म्हणाला.

“काय मीच?”

“मीच म्हणालो तिला. ती रस्त्यानं चालली होती. मी हाक मारली. म्हटलं, पाळणा लांबवून देतो. वडिलांची वस्तू आहे. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. बाळ रडत होतं.”

“आणि तीन वर्षं?”

“तेवढं झोपायला पाहिजे ना त्यात पोरगं.”

“तीन वर्षांचं पोरगं पाळण्यात?”

मामानं पाळण्याकडे बघितलं. असं आजवर जगात कुणी केलं नसेल, हे त्यालाही माहीत होतं. “तुमचं पोरगं,” तो म्हणाला, “जरा झोपाळू दिसतं.”

गिरणीवाल्याचा विश्वास बसला होता की नव्हता, हे मामाला ओळखता येईना. जाताना एवढंच म्हणाला, “मग लांबवा. पण लांबवलेला दिसला पाहिजे. आई बघायला येणार आहे.”

पाळणा शेडमध्ये राहिला. मामानं करवत काढली आणि परत ठेवली. दोन दिवस हेच चाललं. त्या पाळण्यात बापानं एकही खिळा मारला नव्हता. सगळं खाचेत खाच बसवून केलेलं. तळाच्या एका फळीला जराशी लाट होती. मामानं लहान असताना ती फळी तासली होती आणि बापानं ती न बदलता तशीच बसवली होती. आजही तिच्यावरून बोट फिरवलं की कळायचं. असली वस्तू मधोमध कापायची, आणि तीही एका थापेसाठी?

“नाही होत माझ्याच्यानं,” तो मामीला म्हणाला.

“लाकूड आहे ते.”

“माझ्या बापाचं आहे.”

“ती पोरगीही कुणाची तरी आहे,” मामी म्हणाली आणि झाडायला लागली.

शनिवारी सासू आली. म्हातारी मामाच्या बापाला ओळखत होती, मामाला तिनं चड्डीत फिरताना पाहिलेलं होतं, त्यामुळे ती अरेतुरेच करायची. तिनं पाळण्याभोवती एक फेरी मारली.

“अजून कापला नाहीस?”

“कापतो ना, मावशी.”

“कापायचाच नव्हता का? अरे गुण्या, गिरणीवर कशाला हसले ते माझ्या कानावर आलंय. पाळणा लांबवायचा म्हणजे काय, ते तुझ्याच पाटीवर लिहिलंय. मला वाचता येत नसलं तरी नातीला येतं. सांग खरं काय ते. तुझा बाप खोटं बोलत नसे.”

मामी मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे न बघता मामानं करवत उचलली, पाळणा लाकूड कापायच्या घोडीवर आडवा घातला, मधोमध पेन्सिलीनं रेघ मारली, तिला गुण्या लावला आणि कापायला सुरुवात केली.

जुनं लाकूड होतं, वास अजून शाबूत होता. करवत त्या लाटेच्या फळीवर आली तेव्हा मामाचा हात अडखळला. त्याला वाटलं, काहीतरी बोलत राहिलं तर बरं.

“गोळ्या चुलीत का टाकल्या, मावशी?”

“का म्हणजे? माझ्या बहिणीची लेक त्याच गोळ्या खायची. वाळून काटकी झाली आणि गेली. डोळ्यांनी बघितलंय मी.”

“ती छातीच्या आजारानं गेली,” मामा करवत चालवता चालवता म्हणाला. मामीनं दारातून हातानं खुणा केल्या, त्याला त्या दिसल्या नाहीत. “तिच्या खोलीची खिडकी मोठी करायला मीच गेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, क्षयाच्या माणसाला हवा लागते. तुमच्या बहिणीनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं. बाकीच्या लेकींची लग्नं व्हायची होती.” मग हात थांबवून तो म्हणाला, “आता तर सगळ्यांची झाली ना?”

करवत तळापर्यंत गेली आणि पाळण्याचे दोन तुकडे दोन बाजूंना कलले. म्हातारी खाली वाकली आणि कापलेल्या कडेवरून तळहात फिरवत राहिली. भुसा हाताला लागला तरी झटकला नाही.

“माझी सात पोरं ह्यात झोपली,” ती म्हणाली. “शेवटच्या दोघांच्या मध्ये तर पाळणा कोरडा व्हायलासुद्धा फुरसत मिळाली नाही. तेव्हा कुणी लांबवून दिला नाही.”

ती लाकडाबद्दल बोलत होती का? मामानं मामीकडे बघितलं. मामी छताकडे बघत होती.

“गादी पुरणार नाही आता,” म्हातारी उठत म्हणाली.

“नाही पुरणार. माप घ्यावं लागेल.”

“धाकटीला पाठवते मापाला. गुरुवारी.”

“आज घेतलं तरी...”

“गुरुवारी,” म्हातारी म्हणाली. “त्या दिवशी गिरणी बंद असते.”

गिरणी बंद असण्याचा आणि गादीच्या मापाचा काय संबंध, हे विचारायला मामानं तोंड उघडलं. मामीला एवढा मोठा खोकला आला, की त्यानं ते परत मिटलं.

त्या रात्री झोपण्याआधी त्यानं मामीला विचारलंच. “तिला कळलंय का?”

“कुणास ठाऊक.”

“कळलं असेल तर नाही का म्हणत नाही? आणि कळलं नसेल तर गुरुवार कसा म्हणाली?”

“तुम्ही झोपा.”

गुरुवारी दोघी आल्या, पुढे सासू, मागे धाकटी. पाळणा तयार होता. मध्ये नव्या लाकडाचा फिकट पट्टा, दोन्ही बाजूंना जुनं काळसर. जगातल्या कुठल्याही बाळाला तो मोठा झाला असता. धाकटीनं आधी पाळण्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या करवतीकडे, आणि ती दारातच खिळली.

“इथं बायकांना कुणी कापत नाही गं,” मामी हसून म्हणाली. “गादीचं माप आतल्या खोलीत घेतात. ये. बाळाला दे आजीकडे.”

धाकटीनं सासूकडे पाहिलं. सासूनं दोन्ही हात पुढे केले आणि बाळ घेतलं. धाकटी आत गेली. दार लोटलं गेलं.

म्हातारी एका स्टुलावर बसली, बाळाला मांडीवर घेऊन. मामा समोर उभा. काहीतरी तासत असल्याचं दाखवावं म्हणून त्यानं एक फळी घेतली. तिचं काय करायचं होतं ते त्यालाच माहीत नव्हतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, चांगल्या कानानंसुद्धा. एकदा नर्सबाईंचा आवाज आल्यासारखा वाटला. तो म्हातारीनं ऐकला असेल का? ती बाळाच्या मुठीत आपलं बोट अडकवून बसली होती.

“गुण्या.”

“हं?”

“लाकूड परत आखडतं का रे?”

पाळण्याच्या बाबतीत खरं उत्तर होतं, ‘नाही’. जोड पक्का होता, लाकूड मुरलेलं होतं, शंभर वर्षं जागचं हललं नसतं. ते सांगायला त्यानं ओठ उघडले आणि तेवढ्यात जेवताना मामीनं सांगितलेलं आठवलं, की त्या इंजेक्शनचा गुण तीन महिने टिकतो आणि मग दुसरं घ्यावं लागतं.

“आखडतं,” तो म्हणाला. आपल्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. “तीन महिन्यांनी एकदा बघावं लागेल. दर तीन महिन्यांनी.”

“पाळणा उचलून आणायचा?”

आता आली पंचाईत. पाळणा आणा म्हणावं तर गिरणीवाला येईल. आणू नका म्हणावं तर बघायचं काय? मामा फळीकडे बघत उभा राहिला.

“जड झालाय तो,” म्हातारीच म्हणाली. “तिलाच पाठवत जाईन. गादीचं माप घेऊन.”

“चालेल,” मामा म्हणाला.

दार उघडलं. धाकटी दंड चोळत बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. तिच्या जागी काय आलं होतं ते मामाला नीट वाचता आलं नाही. तिनं तो लांबलचक पाळणा पहिल्यांदाच धड निरखून बघितला आणि फिस्सकन हसली.

“मामा, ह्यात मी मावेन.”

“मुरगळून घातलं तर,” सासू म्हणाली. “चल. दळणं पडलीत.”

“आज गिरणी बंद आहे ना, आत्याबाई?”

“मग चूल पडलीय,” म्हातारी म्हणाली आणि बाळाला कडेवर घेऊन पुढे चालायला लागली.

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. नंतर कितीतरी वेळा त्यानं मामीला विचारलं, की म्हातारीला नक्की काय कळलं होतं. गिरणीवाल्याला काय कळलं होतं? आणि ज्यांना कळलं त्यांना ते दुसऱ्याला कळल्याचं कळलं होतं का? मामी म्हणायची, तुम्हाला कळलं ना, पुरे झालं. पण त्याला तेच तर कळत नव्हतं.

पुढच्याच गुरुवारी गिरणीवाल्या घरातली थोरली सून शेडच्या दारात आली. तिला चार मुलं होती आणि आजवर ती कधी इकडे फिरकली नव्हती. तिच्या एका हातात स्टूल होतं, दुसऱ्या हातात पाय.

“मामा, पाय निघालाय,” ती खाली बघत म्हणाली. “सासूबाईंनी पाठवलंय.”

मामानं स्टूल घेतलं, उलटं केलं. हे त्याच्या बापाच्या हातचं होतं. खाचेत जुना सरस तसाच होता, फक्त कडेला पक्कडीचे दोन ताजे व्रण होते. धडधाकट पाय कुणीतरी मोठ्या कष्टानं उपटला होता. म्हाताऱ्या हातांचं ते काम नव्हतं; त्याला चांगला पिळदार दंड लागला असणार, गोणी उचलणाऱ्याचा.

तो पायाकडे बघत राहिला, मग स्टुलाकडे, मग रस्त्याच्या टोकाला असलेल्या बंद गिरणीकडे. विचारण्यासारखं पुष्कळ होतं. विचारून उत्तर सरळ आलं असतं असं मात्र वाटेना.

“होतं असं,” तो म्हणाला. “जुना सरस आहे. वेळ लागेल. मामी आत आहे.”